आत्ताच्या आत्ता हवं! : ओढ, तल्लफ आणि घाईचे निर्णय

अर्धविराम (धागालेखक)

इच्छाशक्तीवरच्या धाग्यात विषय भरकटायला लागला, म्हणून हा वेगळा धागा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ओढ ऐन भरात असताना तिच्याशी केलेली कुस्ती बहुतेक वेळा आपण हरतो. जी काही व्यवस्था लावायची ती ओढ यायच्या आधी लावावी, नाहीतर ती ओसरल्यावर. मधल्या वेळात काही बिघडू न देता तग धरली तरी पुष्कळ.

असं का, ते मेंदूपासून बघू. १९५४ साली मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. खटका दाबला की त्या जागी सौम्य विद्युतप्रवाह जायचा. उंदीर तासाला शेकडो वेळा खटका दाबत राहिले. त्या जागेला लोक 'सुखकेंद्र' म्हणू लागले आणि पुढे 'डोपामाइन म्हणजे सुखाचं रसायन' हे समीकरण घट्ट बसलं.

ते समीकरण टिकलं नाही. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांच्या गटाने १९८९ मध्ये ज्या उंदरांचं डोपामाइन जवळजवळ नष्ट झालेलं आहे अशा उंदरांवर काम प्रसिद्ध केलं. हे उंदीर समोर ठेवलेल्या अन्नाला तोंड लावत नव्हते. पण तोंडात साखरेचं पाणी सोडलं की जिभल्या चाटण्याची प्रतिक्रिया अगदी धडधाकट उंदरासारखी! म्हणजे आवडणं शाबूत होतं, हवंसं वाटणं तेवढं गेलं होतं. आवडण्याची यंत्रणा वेगळी निघाली. ती मेंदूतल्या अगदी छोट्या ठिपक्यांमध्ये असते (उंदरात असा एक ठिपका साधारण एक घन मिलिमीटरचा) आणि तिथे मुख्य काम अफूसदृश नैसर्गिक रसायनं करतात.

दुसरा पुरावा वूल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांचा. दिवा लागला की थोड्या वेळाने रस मिळतो, हे माकड शिकलं की डोपामाइनच्या पेशी रस मिळाल्यावर न उसळता दिवा लागल्यावर उसळतात. दिवा लागून रस आला नाही, तर नेमक्या रस यायच्या क्षणी त्या पेशी नेहमीपेक्षाही गप्प होतात. दायान आणि माँटेग्यू यांच्यासह १९९७ मध्ये त्यांनी याची गणिती मांडणी केली.

व्यवहारात याचा अर्थ असा की ओढ वस्तूपेक्षा तिच्या चाहुलीला जास्त चिकटते. फोनवरचा लाल ठिपका, ठरावीक खुर्ची, ठरावीक वेळ, पिशवी उघडल्याचा आवाज. आणि किती जोरात हवंसं वाटतंय त्यावरून मिळाल्यावर किती आवडेल याचा अंदाज करता येत नाही. तपासायचं असेल तर दोन आठवडे पाच रकाने भरा:

१. वेळ आणि जागा
२. त्या वेळची स्थिती (भूक, कमी झोप, राग, कंटाळा, एकटेपणा)
३. किती हवंसं वाटतंय, ० ते १०
४. काय केलं
५. ती गोष्ट केली असेल तर अर्ध्या तासाने, किती आवडली, ० ते १०

तिसऱ्या आणि पाचव्या रकान्यातली तफावत बघा. जिथे सारखं ९ आणि ४ असं येतं तिथे सवय आणि चाहूल काम करतेय. जिथे ६ आणि ८ येतं ती गोष्ट खुशाल करा, तिच्या वाटेला जायचं कारण नाही. यात हमखास होणारी चूक म्हणजे रात्री बसून सगळा दिवस एकदम भरणं. शांत डोक्याला मघाची तीव्रता आठवत नाही, मग तिसऱ्या रकान्यात सगळीकडे ५ आणि ६ पडतात आणि तक्ता फुकट जातो. नोंद त्याच क्षणी, दोन शब्दांत.

खारूताई

वाचतेय. मग 'डोपामाइन डीटॉक्स' हे थोतांड समजायचं का?

अर्धविराम

नाव थोतांड, त्यातलं एक काम बरोबर. डोपामाइन काही टाकीत साठत नाही की एक दिवस उपास केला आणि झाला निचरा. फायदा होतो तो चाहुली बंद झाल्याचा. पण रविवारी फोन कपाटात आणि सोमवारी तोच फोन उशाशी, तेच ठिपके, तेच आवाज, असं असेल तर काहीच बदललेलं नसतं. शिवाय जुनं शिकलेलं पुसलं जात नाही. त्याच्यावर नवं शिकणं चढतं, एवढंच. म्हणून मध्ये बराच काळ गेला किंवा जागा बदलली की मेलेली वाटणारी ओढ पुन्हा डोकं वर काढते. सुट्टीवरून परतल्यावर पहिला आठवडा अवघड जातो तो यामुळे. त्याची तयारी आधी ठेवावी.

गणिती_डोकं

मेंदूचं झालं, आता आकडे. उशिरा मिळणाऱ्या गोष्टीची किंमत मनात कशी घटते याचं सूत्र जेम्स मेझर यांनी १९८७ मध्ये मांडलं (कल्पना त्याआधीची, जॉर्ज एन्स्ली, १९७५):

मनातली किंमत = रक्कम ÷ (१ + क × दिवस)

'क' म्हणजे उतावीळपणाचा दर. क = ०.१ धरा. पर्याय दोन: आज १००, किंवा १० दिवस थांबून १२०. आजचे १०० मनात १००च. थांबून मिळणारे १२० ÷ (१ + १) = ६०. अर्थात आजचे घेतले जाणार.

आता दोन्ही पर्याय १०० दिवस पुढे ढकला. १०० ÷ ११ = ९.०९ आणि १२० ÷ १२ = १०. आता थांबणं जिंकलं! माणूस तोच, क तोच, रकमांमधलं अंतरही तेच १० दिवसांचं. बदललं ते लहान बक्षीस किती जवळ आहे एवढंच. या उदाहरणात पारडं बरोबर ४० व्या दिवशी फिरतं: १०० ÷ ५ = २० आणि १२० ÷ ६ = २०. चाळीस दिवसांहून लांब असताना आपण शहाणे, जवळ आलो की उतावळे. बँकेच्या चक्रवाढ पद्धतीने किंमत घटली असती तर अशी पलटी कधीच झाली नसती.

स्वतःचा क काढायचा असेल तर: '३० दिवसांनी १००० आणि आज किती, हे मला सारखंच वाटेल?' उत्तर ६०० आलं तर १००० ÷ ६०० = १.६७, त्यातून १ वजा, भागिले ३०, म्हणजे ०.०२२. पण एका प्रश्नावर विसंबू नका. रक्कम लहान असली की क मोठा येतो, त्यामुळे ज्या आकाराचे निर्णय चुकतात त्याच आकाराच्या रकमांवर मोजा. संशोधनात यासाठी २७ प्रश्नांची कर्बी यांची प्रश्नावली वापरतात. १९९९ च्या त्यांच्या अभ्यासात हेरॉइनचं व्यसन असलेल्यांचा क इतरांच्या जवळपास दुप्पट होता.

अवांतर: सूत्र आहे म्हणून मेंदूत 'आत्ताचा' आणि 'नंतरचा' असे दोन कप्पे आहेत असं समजू नका. २००४ मध्ये मॅक्ल्यूर आणि सहकाऱ्यांनी तसं सुचवलं होतं, २००७ मध्ये केबल आणि ग्लिमचर यांना एकच यंत्रणा दोन्ही प्रकारच्या किमती मोजताना दिसली.

तिरकस

थोडक्यात, जे थांबतात ते शहाणे आणि जे थांबत नाहीत ते मूर्ख. आता कुणीतरी त्या मार्शमेलोवाल्या मुलांना आणेलच, म्हणून मीच आणतो आणि निकालात काढतो.

वॉल्टर मिशेल यांचे स्टॅनफर्डमधले प्रयोग (समोरचा एक गोड खाऊ आत्ता, की थोडं थांबून दोन) १९६० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाले. १९९० मध्ये पाठपुरावा आला: जास्त थांबलेली मुलं पुढे परीक्षांत सरस. त्यावर चारित्र्यघडणीचा केवढा डोलारा उभा राहिला! पण ती मुलं होती विद्यापीठाच्याच बालवाडीतली. २०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी नऊशेहून अधिक, जास्त विविध घरांतल्या मुलांवर तपासलं. संबंध मूळच्या निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती, लहानपणची आकलनक्षमता वगैरे हिशेबात धरल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश उडाला.

त्याहून बोलका २०१३ चा सेलेस्ट किड यांचा प्रयोग. फक्त २८ मुलं. निम्म्यांना आधी एका मोठ्या माणसाने चांगले रंग आणून देतो म्हणून सांगितलं आणि खरंच आणले. उरलेल्यांना तेच सांगितलं आणि हात हलवत परत आला. नंतर तीच गोड खाऊची परीक्षा. शब्द पाळलेल्या गटातली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसलेली ३ मिनिटं. ज्याने दिलेला शब्द मोडला त्याच्या भरवशावर हातातलं सोडायचं कशाला? मुलांचं बरोबरच होतं. ज्याच्या आयुष्यात 'नंतर' कधी येतच नाही त्याचा क मोठा असणं हा हिशेब आहे, दोष नव्हे.

आणि ती 'इच्छाशक्ती बॅटरीसारखी उतरते' ही गोष्टही आता बासनात गुंडाळा. १९९८ चा बाउमायस्टर यांचा प्रयोग गाजला खरा, पण २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांवर लोकांत तो परिणाम शोधला तेव्हा हाती जवळपास शून्य आलं.

अर्धविराम

तिरकस, किड यांच्या प्रयोगाबाबत पूर्ण सहमत. एक व्यावहारिक जोड देतो: स्वतःला दिलेले शब्दही याच खात्यात जमा होतात. 'महिनाभर नीट वागलो की अमुक घेईन' म्हणून दर वेळी ते पुढे ढकललं, तर पुढच्या वेळी मन थांबायला राजी होत नाही. स्वतःला कबूल केलेलं बक्षीस लहान ठेवा आणि ठरल्या दिवशी द्याच.

बॅटरीबद्दलही मान्य. पण त्यातून 'संयम असं काही नसतंच' असा निष्कर्ष काढू नये. २०१२ मध्ये हॉफमन आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या वुर्झबुर्ग परिसरातल्या २०५ जणांना आठवडाभर दिवसातून सात वेळा गाठून विचारलं, आत्ता काही हवंसं वाटतंय का? ७,८२७ नोंदी मिळाल्या. साधारण निम्म्या इच्छा दुसऱ्या कुठल्यातरी उद्दिष्टाच्या आड येत होत्या. गंमत पुढे आहे. संयमी म्हणून ज्यांचे गुण जास्त, ते जास्त झुंजत होते असं नाही. त्यांच्यावर झुंजायची पाळीच कमी येत होती. २०१७ मध्ये मिल्याव्स्काया आणि इंझलिक्ट यांना विद्यार्थ्यांत हेच सापडलं. सत्राअखेर कुणाची उद्दिष्टं पुरी झाली याचा संबंध मोह किती वेळा झाला याच्याशी होता, मोह किती नेटाने परतवला याच्याशी नव्हता.

सांजवात

समुपदेशनाच्या बाजूने लिहिते. 'मी उतावळा आहे' या वाक्यावर उपाय सुचवता येत नाही, कारण त्यात निदान पाच वेगळ्या गोष्टी येतात. व्हाइटसाइड आणि लिनम यांनी २००१ मध्ये चार पाडल्या, पाचवी २००७ मध्ये जोडली गेली:

वाईट मनःस्थितीत घाई (राग, अपमान, भीती वाटली की काहीतरी करून टाकणं). आनंदाच्या भरात घाई (शब्द देऊन बसणं, उधळपट्टी). आधी विचार न करणं. सुरू केलेलं तडीस न नेणं. आणि थराराची हौस.

उपाय प्रत्येकाला वेगळा. रागात तडकाफडकी निर्णय घेणाऱ्याला फायद्यातोट्याचा तक्ता करायला लावून उपयोग नाही, तो तक्ता त्याला शांतपणी उत्तम जमतो. त्याला हवी ती राग ओळखण्याची आणि निर्णय लांबवण्याची सोय. उलट, विचारच न करणाऱ्याला तक्त्याचा फायदा होतो. ऑनलाइन चाचण्यांवर फार भिस्त ठेवू नका. प्रश्नावलीतला उतावीळपणा आणि संगणकावर बोट आवरण्याच्या चाचण्यांतला उतावीळपणा यांचा परस्परसंबंध जेमतेम ०.१ च्या घरात येतो (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण). दोन्ही मोजमापं बरोबर आहेत, पण ती दोन वेगळ्या गोष्टींची आहेत.

आता तल्लफ आलीच तर काय. अ‍ॅलन मार्लट यांची लाटेवर स्वार होण्याची पद्धत व्यसनमुक्तीत वर्षानुवर्षं वापरात आहे:

बसा किंवा उभे राहा, पण चाहुलीपासून दूर. शरीरात ती नेमकी कुठे जाणवते ते शोधा: जबडा, छाती, पोटाचा खळगा, बोटं. तीव्रतेला ० ते १० आकडा द्या. दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा आकडा. मध्ये स्वतःशी वाद घालायचा नाही, 'नको नको' म्हणायचं नाही. आकडा वर जाईल, रेंगाळेल, खाली येईल. चाहूल समोर नसेल तर बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत तो उतरणीला लागतो.

फसतं कुठे? लोक ही पद्धत ओढ दाबायला वापरतात. 'पाच मिनिटं झाली, अजून गेली का नाही?' ही दाबादाबीच झाली, आणि विचार दाबला की तो उसळून येतो हे डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्येच दाखवलंय. आकडा ८ वरून ५ वर आला की काम झालं, शून्याची वाट बघू नये. दुसरी चूक म्हणजे वस्तू हातात धरून लाटेवर स्वार होणं. तसं होत नसतं.

खारूताई

पाच मिनिटंही शांत बसवत नाही अशांनी काय करायचं?

सांजवात

डोळ्यांना काम द्या. कव्हानाह, अँड्रेड आणि मे यांची २००५ ची मांडणी अशी: ओढ सुरुवातीला नुसता एक विचार असते, तिला बळ येतं ते आपण रंगवलेल्या चित्रामुळे. चित्र रंगवायला मनाचा जो पडदा लागतो तोच दुसऱ्या दृश्य कामाने व्यापला की तीव्रता उतरते. २०१५ च्या एका प्रयोगात तीन मिनिटं टेट्रिस खेळल्यावर तल्लफेची तीव्रता शंभरात ७० वरून ५६ वर आली. उतार फार नाही, पण हात मागे घ्यायला पुरतो. घर ओळखीचं असेल तर डोळे मिटून प्रत्येक खोलीतल्या खिडक्या मोजणंही चालेल. गाणी ऐकणं किंवा आकडे उलटे म्हणणं त्या मानाने कमी उपयोगी, कारण चित्राचा पडदा मोकळाच राहतो.

पाणकोंबडा

अ‍ॅपच्या रचनेचं काम जवळून माहीत आहे, त्या बाजूचं लिहितो. तिथे दोनच कामं चालतात: चाहूल वाढवायची आणि चाहूल ते कृती यातलं अंतर कमी करायचं. तुम्ही नेमकं उलटं करा.

अंतर वाढवायला: अ‍ॅप काढून तेच संकेतस्थळ ब्राउझरमधून वापरा. साठवलेलं कार्ड पुसा, ब्राउझरने आपणहून भरलेलंसुद्धा (हे लोक विसरतात, दुकानाच्या खात्यातून कार्ड काढतात आणि ब्राउझर सोळा आकडे आयते पुरवतो). प्रत्येक वेळी खात्यातून बाहेर पडा. पासवर्ड लक्षात न राहणारा ठेवा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा कमी करता येत असेल तर करा, वाढवायला पुन्हा चार पायऱ्या लागतात तेच हवंय.

चाहूल कमी करायला: सूचना सरसकट बंद, माणसांनी पाठवलेले निरोप सोडून. 'किंमत उतरली की कळवा' ही सोय विशेष करून बंद. ती बचतीचं सोंग घेऊन येते.

सवलत संपायची उलटी मोजणी दिसली की तेच पान खासगी खिडकीत (इन्कॉग्निटो) पुन्हा उघडून बघा. घड्याळ नव्याने सुरू झालं तर मुदत खोटी. मुदत खरी असली तरी प्रश्न एकच: कालपर्यंत ही वस्तू घ्यायच्या यादीत होती का?

आणि अ‍ॅपमधलं पान बोटाने सरकवत राहिलं की कधी काय मिळेल याचा नेम नसतो, ती बक्षीसाची सर्वांत चिवट पद्धत. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्येच त्याचे आलेख छापलेत. अशा ठिकाणी 'थोडंसंच बघतो' हे चालत नाही, कारण थांबण्याची खूणच ठेवलेली नसते. ती बाहेरून आणा: पाण्याचा पेला संपला की बंद, गजर वाजला की उभं राहायचं.

दिवाणखाना

'२४ तास थांबा' हा नियम सगळीकडे सांगतात, पण बऱ्याच जणांना दुसऱ्या दिवशी वस्तू जास्तच हवीशी वाटते. नियमात खोट आहे की माणसात?

अर्धविराम

अंमलात. चार ठिकाणी तो गळतो.

टॅब उघडा राहतो, म्हणजे चाहूल चोवीस तास समोर. थांबण्याच्या काळात परीक्षणं आणि व्हिडिओ बघितले जातात, म्हणजे सांजवात म्हणतात ते चित्र रंगवणं जोरात चालू. दुसऱ्या दिवसाची आठवण लावली जाते, ती स्वतःच एक चाहूल ठरते. आणि सर्वांत वाईट म्हणजे 'एवढं थांबलो, आता तर घ्यायलाच हवं' असं वाटून थांबण्याचंच बिल वस्तूच्या नावाने फाडलं जातं.

करायचं असं: कागदावर चार ओळी. वस्तू, किंमत, ती कुठलं काम करणार, आणि ते काम आत्ता घरात कोण करतंय. तारीख टाका, टॅब बंद, कागद नजरेआड. निर्णयाची वेळ आठवड्यातून एकच, पोट भरलेलं आणि झोप झालेली असताना, उदा. शनिवार सकाळ. सगळे कागद एकदम काढायचे. पाच कागद शेजारी ठेवले की प्रत्येक इच्छेची उरलेल्या चारांशी तुलना होते, एकेकट्या इच्छेला असा प्रतिस्पर्धी कधी नसतो.

किती थांबायचं? महिन्याच्या मिळकतीच्या १ टक्क्याखाली नियमच नको, नाहीतर नियमाचाच वैताग येतो. १ ते १० टक्के, पुढचा शनिवार. त्यावर, चार शनिवार. हे आकडे कुठल्या संशोधनातले नाहीत, हिशेबाला सोपे म्हणून धरलेत. आपापल्या मिळकतीप्रमाणे बदला.

तिरकस

सगळीच घाई वाईट, या सुराला माझा विरोध नोंदवून ठेवा. स्कॉट डिकमन यांनी १९९० मध्येच उपयोगी आणि घातक असा उतावीळपणाचा फरक केलाय. अग्निशमन दलाचा अनुभवी अधिकारी शनिवारची वाट बघत नाही. कानमन आणि क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये एकत्र बसून निकष ठरवला: परिस्थितीत नियमितपणा हवा आणि चुकलं की लगेच स्पष्ट कळायला हवं. दोन्ही असेल तर मनाचा पहिला कौल ऐकावा. शेअर बाजारात, नोकरी बदलताना, नातं तोडताना यातलं काहीच नसतं, आणि नेमकं तिथेच लोक 'आतून वाटलं' म्हणून मोकळे होतात.

सांजवात

+१. आणि परत फिरवता येणारा निर्णय झटपट घ्यायला हरकत नाही. थांबायचं ते परतीची वाट नसलेल्यासाठी: राजीनामा, जाहीर आरोप, मोठं कर्ज, कुणाला कायमचं तोडणारा निरोप. रागातला निरोप लिहायचाच तर पत्त्याचा रकाना रिकामा ठेवून, किंवा टिपणवहीत. चॅटच्या चौकटीत लिहू नये, तिथे पाठवायची कळ अंगठ्याखालीच असते. जीमेलमध्ये पाठवलेलं मागे घ्यायची मुदत सेटिंगमध्ये ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते. एवढी तरी वाढवाच, अनेकांची ५ वरच असते.

लोवेनस्टीन यांनी ज्याला गरम आणि थंड अवस्थांमधली दरी म्हटलंय ती इथे दोन्ही बाजूंनी नडते. रागात असताना 'उद्या हे एवढं वाटणार नाही' हे पटत नाही, आणि शांत असताना 'मी असं कधी करणार नाही' अशी खात्री असते. त्यामुळे शांतपणी केलेल्या योजना फार आशावादी असतात. त्या करताना गेल्या वेळची नोंद समोर ठेवावी.

गणिती_डोकं

जर-तर योजनेचा उल्लेख कसा आला नाही? गोलविट्झर आणि शीरन यांच्या २००६ च्या एकत्रित विश्लेषणात ९४ चाचण्या होत्या आणि परिणामाचं माप (इफेक्ट साइझ) ०.६५, मध्यमाहून थोडं वरच. एवढ्या स्वस्त उपायाला हे खूप.

अर्धविराम

यायचाच होता. लिहिण्याची पद्धत मात्र काटेकोर हवी. 'जर मोह झाला, तर मी खंबीर राहीन' याला योजना म्हणत नाहीत. 'जर' मध्ये डोळ्यांना दिसेल किंवा कानांना ऐकू येईल अशी खूण, 'तर' मध्ये दहा सेकंदांत सुरू होईल अशी हालचाल. 'जर रात्री जेवणानंतर पलंगावर आडवं होताना हातात फोन असेल, तर उठून तो बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावीन.'

'तर' नकारार्थी नको. 'तर फोन बघणार नाही' लिहिलं की खूण आणि नको असलेली कृती यांची जोडी उलट पक्की होते. आणि एका वेळी एक, फार तर दोन. आठ योजना लिहिल्या की त्या एकमेकींच्या पायात येतात.

तिसरी योजना राखीव ठेवायची ती घसरल्यानंतरची. 'आज मोडलंच आहे, मग होऊन जाऊ दे' या विचाराने एका चुकीचे दहा दिवस होतात. मार्लट यांच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग तोच. 'जर ठरलेलं मोडलं, तर त्याच तासात तक्त्यात नोंद करीन आणि पुढची वेळ ठरल्याप्रमाणे पाळीन.' भरपाई म्हणून दुप्पट कडक नियम लावू नये. तो मोडायची वेळ आणखी लवकर येते.

दिवाणखाना

स्वतःला दंड लावला तर? मोडलं की मित्राला पैसे, वगैरे.

गणिती_डोकं

बांधून घेणं चालतं, दंड जपून. फिलिपिन्समध्ये अशरफ, कार्लन आणि यिन यांनी असं बचत खातं देऊ केलं की ठरलेली तारीख किंवा रक्कम येईपर्यंत पैसे काढताच येणार नाहीत. जादा व्याज नाही, काही नाही. तरी २८ टक्के लोकांनी घेतलं, आणि वर्षभराने ज्यांना ते देऊ केलं होतं त्या गटाची बचत तुलनेच्या गटापेक्षा ८१ टक्क्यांनी जास्त वाढलेली होती (२००६). तिथेच सिगारेट सोडण्यासाठी स्वतःचे पैसे पणाला लावायची योजना आली, ती फक्त ११ टक्क्यांनी घेतली. कडक करार लोक करतच नाहीत ही पहिली अडचण.

दुसरी ग्नीझी आणि रुस्तिचिनी यांनी २००० मध्ये दाखवली. इस्राएलमधल्या हैफाच्या पाळणाघरांत मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर करणारे वाढले. दंडाची झाली फी! पैसे मोजले की अपराधी वाटायचं कारण उरत नाही. मित्राला द्यायचा किरकोळ दंडही असाच परवाना होऊन बसतो. त्यापेक्षा पैसे हातात यायच्या आधीच वळते करा. थेलर आणि बेनार्त्झी यांच्या योजनेत पगारवाढीतला हिस्सा आपोआप बचतीत जायचा, आणि ४० महिन्यांत बचतीचा दर ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेला. हातात न आलेल्या पैशाचं कुणी दुःख करत नाही.

सांजवात

एक महत्त्वाचं राहिलं. उतावीळपणा अचानक नव्याने आला असेल तर तक्ते आणि योजना बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. पार्किन्सन्सवरची प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधं डोपामाइनचं काम करतात. ३,०९० रुग्णांच्या २०१० च्या अभ्यासात अशा गटातली औषधं घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांमध्ये जुगार, खरेदी, खाणं किंवा लैंगिक वर्तन यातला एखादा आवेग हाताबाहेर गेलेला आढळला, न घेणाऱ्यांत सुमारे ७ टक्के. पाय अस्वस्थ होण्याच्या विकारावरही हीच औषधं देतात. मानसिक आजारांवरच्या एरिपिप्राझोल या औषधाबाबत अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये असाच इशारा दिलाय. रुग्ण लाजेने सांगत नाही आणि घरचे त्याला स्वभाव समजतात. औषध आपल्या मनाने बंद मात्र करू नये, मात्रा डॉक्टरच उतरवतात.

तसंच, झोप तीन-चार तासांवर आलेली तरी थकवा नाही, बोलण्याचा वेग वाढलेला, एकामागून एक मोठे बेत आणि खर्च, असं सलग चार-पाच दिवस दिसलं तर तो उत्साह नसून उन्मादाची अवस्था असू शकते. अशा वेळी घरच्यांनी वाद घालू नये. कार्ड आणि सह्यांचे कागद शांतपणे ताब्यात घ्यावेत आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ त्याच दिवशी मागावी.

खारूताई

तक्ता आजपासून सुरू. एक शंका: जिथे ओढ आली पण काही केलंच नाही, तिथे पाचवा रकाना मोकळा सोडायचा?

अर्धविराम

नाही. तिथे अर्ध्या तासाने 'आता किती हवंसं वाटतंय' तो आकडा लिहा आणि भोवती गोल करा, म्हणजे दोन प्रकारचे आकडे मिसळणार नाहीत.